दिवा बदलला, प्रकाशयोजना बदलली काय? : घरगुती प्रकाश आणि कार्बन उत्सर्जन यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

हवामानबदलाच्या चर्चेत सामान्य कुटुंबाच्या वाट्याला जे मोजके उपाय येतात, त्यांत 'विजेची बचत करणारा दिवा वापरा' हा उपदेश अग्रभागी असतो. शालेय पाठ्यपुस्तकांपासून शासकीय जाहिरातींपर्यंत तो सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. तारेचा पिवळा बल्ब एक वॅट विजेतून सुमारे १२ ते १५ ल्युमेन प्रकाश देतो आणि उरलेली बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवितो. सीएफएल दिवा त्याच वॅटमध्ये ५० ते ७० ल्युमेन देतो, तर आजचा साधा एलईडी दिवा १०० ल्युमेनच्या घरात जातो. म्हणजे तेवढ्याच प्रकाशासाठी लागणारी वीज एका पिढीत सातव्या-आठव्या हिश्शावर आली. निळ्या प्रकाशाच्या एलईडीचा शोध लावणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या शोधाचे महत्त्व ओळखूनच.

तथापि दिवा आणि प्रकाशयोजना या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिवा ही बाजारात मिळणारी वस्तू होय. कोणत्या खोलीत, कोणत्या कामासाठी, किती वेळ, कोणत्या दिशेने आणि किती प्रकाश हवा, व त्यांपैकी किती प्रकाश खिडकीतून विनामूल्य मिळू शकेल, याचा समग्र विचार म्हणजे प्रकाशयोजना होय. भारतातील घरगुती प्रकाशविषयक धोरणाने पहिली गोष्ट हाती घेतली आणि दुसरी जवळजवळ सोडून दिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बचत लॅम्पपासून उजालापर्यंत

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. या ब्युरोने २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' सुरू केली. ग्राहकाने घरातील तारेचा बल्ब परत द्यावा आणि अवघ्या १५ रुपयांत सीएफएल घ्यावा, अशी तिची रचना होती. किमतीतील फरक क्योटो कराराखालील स्वच्छ विकास यंत्रणेतून मिळणाऱ्या कार्बन श्रेयांच्या विक्रीतून भरून काढावयाचा होता. कल्पना आकर्षक होती. परंतु तिचा पाया दूरच्या बाजारातील भावावर उभा होता. पुढे कार्बन श्रेयांचे भाव कोसळले आणि योजनेची गती मंदावली. शिवाय प्रत्येक सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटलेल्या व निकामी झालेल्या दिव्यांचे काय करावे, याचे उत्तर नगरपालिकांजवळ नव्हते आणि गृहिणीजवळही नव्हते. ते दिवे बहुधा ओल्या कचऱ्यातच गेले.

५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेने हा मार्ग बदलला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने राज्यांची मागणी एकत्र केली व घाऊक निविदा काढल्या. त्यामुळे २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपयांच्या आसपास असलेली एलईडी बल्बची खरेदी किंमत दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांपर्यंत खाली आली. कोणतेही अनुदान न देता केवळ खरेदीच्या पद्धतीने बाजारभाव पाडण्याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावे इतके बोलके आहे. या योजनेचे श्रेय नाकारण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. उलट, योजनेबाहेर खुल्या बाजारातून विकल्या गेलेल्या दिव्यांचे स्वस्त होणे हेही काही अंशी तिचेच फलित मानले पाहिजे.

आकड्यांची तपासणी

जानेवारी २०२५ पर्यंतच्या शासकीय आकडेवारीनुसार या योजनेतून ३६.८७ कोटी एलईडी बल्ब वितरित झाले. त्यांपासून दरवर्षी ४७.८८ अब्ज युनिट वीज वाचते, विजेची कमाल मागणी ९,५८६ मेगावॅटने कमी होते आणि ३.८७ कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळते, असा अंदाज दिला जातो. हे आकडे भाषणांतून व लेखांतून पुनःपुन्हा उद्धृत होतात. ते कसे तयार होतात हे पाहण्यासाठी मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. साधा भागाकार पुरेसा आहे.

वीजबचतीच्या आकड्याला दिव्यांच्या संख्येने भागले असता दर दिव्यामागे वर्षाला सुमारे १३० युनिट बचत येते. ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, तर दर तासाला ५१ वॅट-तास वाचतात. १३० युनिट वाचण्यासाठी हा दिवा वर्षातून सुमारे २,५५० तास, म्हणजे दररोज जवळजवळ ७ तास जळला पाहिजे. दिवाणखान्यातील किंवा स्वयंपाकघरातील मुख्य दिव्याबाबत हे शक्य आहे. पण न्हाणीघर, जिना, माळा, देवघर, मागची पडवी येथील दिव्यांचे काय? एका कुटुंबाने पाच-सहा दिवे घेतले असतील, तर ते सर्व सात-सात तास जळतात असे मानणे कठीण आहे. वापर साडेतीन तासांचा धरला तर बचत निम्म्यावर येते.

दुसरा प्रश्न, या दिव्याने नेमका कोणता दिवा हटविला? बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब परत देण्याची अट होती. उजालाच्या काउंटरवर वीजबिल किंवा ओळखपत्र दाखवून दिवे विकत घेता येत. जुना बल्ब परत करणे सर्वत्र बंधनकारक नव्हते. शहरी मध्यमवर्गाच्या घरात २०१५ पर्यंत सीएफएल पुष्कळ प्रमाणात पोचले होते. १४ वॅटच्या सीएफएलच्या जागी ९ वॅटचा एलईडी आला, तर बचत ५१ वॅटची नव्हे, ५ वॅटचीच, म्हणजे गृहीत धरलेल्या बचतीच्या एक-दशांश होते. या दृष्टीने २०२१ मध्ये सुरू झालेली 'ग्राम उजाला' योजना अधिक शिस्तबद्ध म्हणावी लागेल. तीत १० रुपयांत एलईडी देताना तारेचा चालू बल्ब परत घेतला जाई.

तिसरा प्रश्न उत्सर्जनाचा. टळलेल्या उत्सर्जनाला वाचलेल्या विजेने भागले असता दर युनिटमागे ०.८१ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. योजना सुरू झाली त्या काळासाठी हा गुणक योग्य होता. आज पवन व सौर ऊर्जेचा वाटा वाढल्यामुळे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने २०२३-२४ ची राष्ट्रीय सरासरी सुमारे ०.७३ किलो आहे. तिने गुणले तर तेवढ्याच वीजबचतीतून सुमारे ३.५ कोटी टन उत्सर्जन टळते. अर्थात येथे योजनेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवे प्रामुख्याने सूर्यास्तानंतर लागतात आणि त्या वेळी सौर वीज नसते. कोळशावरील संचांवरच भार येतो. त्यामुळे संध्याकाळी वाचलेले एक युनिट सरासरीपेक्षा अधिक कार्बन वाचवीत असण्याचा संभव आहे.

चौथा मुद्दा काळाचा आहे. २०१५ ते २०१७ या काळात घेतलेल्या दिव्यांपैकी किती आज जळत आहेत? एलईडीचे आयुष्य २५,००० तास असे सांगितले जाते, पण हमी तीन वर्षांची होती. वितरित झालेला प्रत्येक दिवा जणू अजून छताला लटकतो आहे, अशा गृहीतावर वार्षिक बचत मोजली जाते. याचा अर्थ हे आकडे खोटे आहेत असा नव्हे. ते मोजलेले नसून मानलेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मोजलेली वस्तू वितरणाची आहे, वापराची नव्हे. घरात दिवा कुठे लागला व किती तास जळला, हा प्रश्न योजनेच्या कक्षेबाहेर राहिला आणि प्रकाशयोजनेचा प्रारंभ तर याच प्रश्नापासून होतो.

प्रकाशाची गरज आणि दिव्याची जागा

आपल्या घरांत प्रकाश मोजण्याची सवय नाही. 'चाळीसची ट्यूब' किंवा 'साठचा बल्ब' हीच आपली परिभाषा. ती विजेची आहे, प्रकाशाची नाही. वॅटवरून प्रकाश ओळखण्याची ही सवय एलईडीच्या काळात निरुपयोगी झाली. परंतु तिच्या जागी ल्युमेन व लक्स हे शब्द रुजले नाहीत. खोलीत वावरण्यास ५० ते १०० लक्स प्रकाश पुरतो. वाचन, शिवण, भाजी चिरणे यांसाठी ३०० लक्सच्या आसपास लागतो. या दोन गरजांमधील फरक ओळखणे हे काटकसरीच्या प्रकाशयोजनेचे पहिले सूत्र होय.

एक उदाहरण घेऊ. ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब खोलीत सर्वत्र ३०० लक्स प्रकाश हवा असेल आणि दिव्यातून निघालेल्या प्रकाशाचा निम्मा भाग कामाच्या पातळीपर्यंत पोचत असेल, तर ७,२०० ल्युमेन म्हणजे एलईडीचेही ७२ वॅट लागतील. त्याऐवजी संपूर्ण खोलीत ७५ लक्स ठेवले तर १८ वॅट पुरतात. अभ्यासाच्या मेजावर ५ वॅटचा एक स्वतंत्र दिवा दिला की मेजापुरता ३०० लक्सहून अधिक प्रकाश मिळतो. एकूण २३ वॅट. दोन्ही ठिकाणी दिवे सारखेच कार्यक्षम आहेत. पण विजेत तिपटीहून अधिक फरक पडला, तो केवळ दिव्याच्या जागेमुळे. प्रकाशाचा स्रोत दुप्पट दूर नेला की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, हा नियम आपण अकरावी-बारावीच्या वर्गात शिकवितो. मात्र घर बांधताना वायरमन छताच्या मध्यावर किंवा भिंतीच्या माथ्यावर जी एक जागा ठरवितो, तीच आयुष्यभर कायम राहते आणि पुस्तक वाचणाऱ्या मुलाची सावली त्याच्याच वहीवर पडत राहते.

भिंतींच्या रंगाचेही असेच आहे. पांढरी सफेदी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ७० ते ८० टक्के परत टाकते. गडद रंग किंवा लाकडी तक्तपोशी त्याचा लहानसा भागच परत देते. वरील उदाहरणात गडद भिंतींमुळे उपयुक्त प्रकाश निम्म्याऐवजी ३० टक्क्यांवर आला, तर १८ वॅटचे ३० वॅट होतात. दिवाळीपूर्वी चुन्याचा हात फिरविण्याची आपली जुनी रीत ही ऊर्जाबचतीची योजना होती, हे कोणत्याही परिपत्रकात नमूद नाही.

'झिरोचा बल्ब' हे आणखी एक उदाहरण. नावात शून्य असल्यामुळे तो वीज खात नाही, अशी समजूत घरोघरी होती. प्रत्यक्षात तो सुमारे १५ वॅटचा असे. रात्रभर आठ तास जळून तो १२० वॅट-तास वीज घेई. आजचा ९ वॅटचा एलईडी संध्याकाळी पाच तास जळला तरी ४५ वॅट-तासच घेतो. म्हणजे झोपेत कोणी न पाहिलेला दिवा सायंकाळच्या मुख्य दिव्याच्या अडीच पटींहून अधिक वीज घेत होता. कोणता दिवा किती तेजस्वी आहे यापेक्षा कोणता दिवा किती वेळ जळतो, हे विचारणे अधिक फलदायी ठरते, ते असे.

स्वस्त प्रकाशाचा मोह

कार्यक्षमता वाढली म्हणजे वापर घटतो, ही समजूत नवी नाही व तिच्यावरील आक्षेपही नवा नाही. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स याने १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाविषयी लिहिताना दाखविले होते की, वाफेचे यंत्र काटकसरी झाल्याने कोळशाचा खप कमी न होता वाढला. प्रकाशाच्या बाबतीत रॉजर फूके व पीटर पिअर्सन यांनी २००६ मध्ये ब्रिटनच्या सात शतकांचा इतिहास तपासला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १८०० ते २००० या दोनशे वर्षांत प्रकाशनिर्मितीची कार्यक्षमता हजारपट झाली, प्रकाशाची किंमत तीन हजाराव्या हिश्शाहूनही खाली आली आणि दरडोई वापर ६,५०० पट झाला. प्रकाश स्वस्त झाला की माणूस पैसे वाचवीत नाही, अधिक प्रकाश विकत घेतो.

या वाढीचा सरसकट निषेध करणे अन्यायाचे होईल. जेथे पूर्वी रॉकेलची चिमणी होती, तेथे अधिक प्रकाश हीच प्रगती होय. खेड्यातील मुलीला रात्री वाचता आले, चुलीपुढील बाईला भांड्यात काय शिजते ते दिसू लागले, तर त्या वाढलेल्या वापराला अपव्यय म्हणता येणार नाही. परंतु शहरातील नव्या सदनिकांकडे पाहिले असता वेगळे चित्र दिसते. छताखाली फॉल्स सीलिंग, त्यात खोचलेले बारा छोटे दिवे आणि कडेच्या खाचेत दडविलेली एलईडीची पट्टी, ही आता प्रतिष्ठेची खूण झाली आहे. प्रत्येकी ९ वॅटचे बारा दिवे म्हणजे १०८ वॅट. मीटरला १० वॅट घेणारी बारा मीटर पट्टी म्हणजे १२० वॅट. एकूण २२८ वॅट. याच दिवाणखान्यात पूर्वी चोकसह सुमारे ५२ वॅट घेणारी एक ट्यूबलाइट आणि ६० वॅटचा एक बल्ब होता. दोन्ही मिळून ११२ वॅट. अधिक कार्यक्षम दिवे लावूनही जोडलेला भार दुप्पट झाला. हे सर्व दिवे रोज एकदम लागत नाहीत, हे मान्य. पण त्यांची बटणे एकत्र जोडलेली असली तर एका कामासाठी सहा दिवे पेटतात. शिवाय खाचेतील पट्टीचा प्रकाश आधी छतावर आपटून मग खाली येतो आणि वाटेत त्याचा बराच भाग हरवतो. घराची सजावट हा ज्याच्या त्याच्या आवडीचा विषय आहे. परंतु त्या प्रत्येक दिव्याच्या खोक्यावर 'ऊर्जा-बचत' असे छापलेले असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खिडकी : विसरलेला दिवा

येथवरची चर्चा रात्रीच्या प्रकाशाची होती. परंतु घरगुती प्रकाशाचा मोठा प्रश्न भर दुपारी दिवा का लावावा लागतो, हा आहे.

भारतीय मानक संस्थेने १९७५ मध्ये इमारतींतील दिवसाच्या प्रकाशासंबंधी आयएस २४४० हे मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. त्यामागील विचार सोपा आणि आपल्या आकाशाला साजेसा आहे. बाहेर आकाशाचा प्रकाश ८,००० लक्स धरावा आणि त्याच्या किती टक्के खोलीत पोचतो ते पाहावे. एक टक्का म्हणजे ८० लक्स. स्वयंपाकघरात २.५ टक्के म्हणजे २०० लक्स, अभ्यासाच्या खोलीत १.९ टक्के म्हणजे सुमारे १५० लक्स आणि बैठकीच्या खोलीत ०.६२५ टक्के म्हणजे ५० लक्स असावेत. सर्वाधिक प्रकाश स्वयंपाकघराला, हा क्रम विशेष लक्षणीय आहे. आपल्या बहुतेक सदनिकांच्या आराखड्यांत मात्र सर्वांत मोठी खिडकी दिवाणखान्याला आणि सर्वांत लहान स्वयंपाकघराला, तीही डक्टच्या बाजूला, असा उलटा क्रम आढळतो. ज्या खोलीत घरातील स्त्रीचा दिवस जातो, ती खोली मानकाप्रमाणे सर्वांत उजळ असायला हवी आणि वस्तुतः ती सर्वांत काळोखी असते.

आपल्या परंपरागत घरांनी हा प्रश्न काही अंशी सोडविला होता. वाड्यातील चौक आतल्या सोप्यांना प्रकाश देई. कोकणात कौलांच्या ओळीत मध्येच एखादे काचेचे कौल बसविले जाई आणि तेवढ्याने आतील खोलीत दिवसा दिवा लागत नसे. देशावरील धाब्याच्या घरात छताला साणे असे. त्यातून धूर बाहेर जाई व उजेड आत येई. परंतु या घरांचे गोडवे गाताना माजघर विसरता कामा नये. चौकापासून दूर असलेले ते माजघर दिवसाही अंधारेच असे, आणि तेथे कोणाचे आयुष्य गेले हे आपल्या स्त्रियांच्या आत्मकथनांनी पुरेसे सांगितले आहे. म्हणून जुन्या वाड्याकडे परत चला, असा उपदेश येथे अभिप्रेत नाही. त्यातील तत्त्व आजच्या दाट वस्तीत आणता येईल काय, एवढाच प्रश्न आहे.

तो प्रयत्न झालेला आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात नवी मुंबईतील बेलापूर येथे सिडकोसाठी बांधलेल्या वसाहतीत लहान लहान भूखंडांवर सुटी घरे मांडली. सात-सात घरांचा समूह एका लहान अंगणाभोवती आणि प्रत्येक घराला स्वतःचे मोकळे आकाश, अशी ती रचना होती. उंच इमारती न बांधताही बरीच घनता साधता येते, हे तिने दाखविले. पुढे रहिवाशांनी त्यांतील अनेक घरे पाडून नवी बांधली, हेही खरे. पण घराला आकाश मिळणे हा श्रीमंतांचा विशेषाधिकार नसावा, हा त्यामागील विचार कालबाह्य झालेला नाही.

याच्या नेमके उलट चित्र मुंबईच्या पुनर्वसन वसाहतींत दिसते. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहतींत प्रकल्पबाधित कुटुंबांना हलविण्यात आले. तेथे काही ठिकाणी दोन इमारतींमधील अंतर अवघे ३ मीटर आहे. समोरच्या इमारतीची उंची २१ मीटर धरली, तर तळमजल्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला क्षितिजापासून ८१ अंशांपर्यंत समोरची भिंतच दिसते. आकाशाची उरते ती केवळ एक चिंचोळी फट. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने केलेला आणि २०१८ मध्ये प्रकाशात आलेला या वसाहतींचा अभ्यास क्षयरोगाच्या प्रमाणाचा संबंध प्रकाश व वायुवीजनाच्या अभावाशी जोडतो. खालच्या मजल्यांवर ही समस्या अधिक तीव्र असल्याचे तो सांगतो.

अशा घरात खोली, स्वयंपाकघर व बोळ येथे मिळून ९ वॅटचे तीन दिवे दिवसाचे बारा तास जळत असतील, तर वर्षाला सुमारे ११८ युनिट वीज केवळ सूर्यप्रकाशाची उणीव भरून काढण्यात जाते. एका उजाला दिव्याने वर्षभरात वाचविल्याचे सांगितले जाते, ती बचत १३० युनिटांची होती, हे येथे आठवावे. म्हणजे एका विभागाने दिवा देऊन जी बचत केली, ती दुसऱ्या विभागाने इमारतींमधील अंतर कमी करून जवळजवळ पुसून टाकली. आणि तिचे बिल त्या कुटुंबाच्या नावे निघाले.

२०१८ मध्ये आलेल्या 'इको निवास संहिता' या निवासी इमारतींच्या ऊर्जा संहितेने प्रथमच खिडकीचा विचार केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तिच्या पहिल्या भागात उष्ण-दमट प्रदेशातील घरांत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे आणि भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत यावा, अशा अटी आहेत. काळ्या वा आरशासारख्या काचा लावून दुपारी दिवे लावण्याच्या प्रथेला त्यामुळे आळा बसू शकेल. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन (सुधारणा) कायद्याने निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. परंतु पहिल्या भागातील अटी खिडकीपुरत्या व काचेपुरत्या आहेत. त्या खिडकीसमोर तीन मीटरवर भिंत उभी असेल तर काय, याचे उत्तर त्यांत नाही. ते उत्तर नगररचनेच्या नियमांत दडलेले आहे आणि तेथे सामासिक अंतरे शिथिल करण्याकडेच कल असतो.

येथे एक अडचणही नोंदविली पाहिजे. खिडकी प्रकाशाबरोबर उष्णताही आणते. पश्चिमेला मोठी काच लावली तर घर तापते, पडदे ओढले जातात, आत दिवा व वातानुकूलन यंत्र दोन्ही चालू होतात. वातानुकूलन यंत्र दिव्याच्या कितीतरी पट वीज घेते. म्हणून मोठी खिडकी म्हणजे चांगली खिडकी असे समीकरण मांडता येत नाही. उत्तर-दक्षिण दिशा, पुरेसा छज्जा, उंचावरील झडप, फिकट रंगाचे छत, यांचा मेळ घालावा लागतो. वास्तुरचनाकाराचे खरे काम हेच आहे. आणि आपल्याकडील बहुसंख्य घरे वास्तुरचनाकाराच्या विचाराविना बांधली जातात, हेही तितकेच खरे आहे.

कार्बनचे माप पुरेसे आहे काय?

या विवेचनातून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. देशात सौर वीज वाढत आहे आणि ती दुपारीच सर्वाधिक तयार होते. म्हणजे काही वर्षांनी काळोख्या घरात दुपारी जळणाऱ्या दिव्याचा कार्बनभार आजच्यापेक्षा पुष्कळ कमी असेल. केवळ उत्सर्जनाच्या मापाने पाहिले, तर अंधाऱ्या घराचा प्रश्न आपोआप सुटला, असा निष्कर्ष एखादा हिशेबनीस काढू शकेल. सौर विजेवर चालणारा एलईडी दिवा आणि बंद खिडकी यांत कार्बनच्या दृष्टीने दोष उरणार नाही. पण त्या घरातील मुलाच्या छातीला हे उत्तर पटणार नाही.

म्हणून घरगुती प्रकाशाचा विचार केवळ कार्बनच्या टनांत करणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कार्बन कमी करण्याचा जो मार्ग खिडकीतून जातो, तो आरोग्य, अभ्यास आणि स्त्रियांचे श्रम या तिन्हींना स्पर्श करतो. जो मार्ग केवळ दुकानातून जातो, तो वीजबिलापर्यंत येऊन थांबतो. दिवा वाटणे सोपे, मोजणे सोपे आणि जाहीर करणेही सोपे. दोन इमारतींतील अंतर वाढविणे महाग, कारण तेथे प्रत्येक मीटरला जमिनीचा भाव असतो. धोरणाने सोपी वाट निवडली, यात आश्चर्य नाही. मात्र ती सोपी वाटच संपूर्ण वाट आहे, असे मानण्यास विद्यापीठीय क्षेत्राने तरी नकार दिला पाहिजे.

समारोप

वरील चर्चेवरून काही निष्कर्ष काढता येतील. दिव्याची कार्यक्षमता वाढविणे हे आवश्यक पाऊल होते व ते यशस्वी झाले; पण त्याची बचत वितरणावरून मानली गेली, वापरावरून मोजली गेली नाही. यापुढील बचत दिव्याच्या आत नसून त्याची जागा, त्याचे तास, भिंतीचा रंग व समोरचे आकाश यांत आहे. तिचे मूल्य सर्वांत अधिक तेथे आहे, जेथे घरे सर्वांत लहान व काळोखी आहेत.

या कामी महाविद्यालयांना प्रत्यक्ष वाटा उचलता येईल. पर्यावरण अभ्यास हा विषय पदवीला अनिवार्य झाल्यापासून हजारो विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प लिहितात. त्यांतील बरेचसे एकमेकांची नक्कल असतात, हे आपण सारे जाणतो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातील दिव्यांची यादी, त्यांचे वॅट, एक आठवडाभर जळण्याचे तास आणि दुपारी बारा वाजता प्रत्येक खोलीत पुस्तक वाचता येते की नाही, एवढीच नोंद केली, तर जिल्ह्याच्या प्रकाशाचा एक खरा लेखा तयार होईल. भौतिकशास्त्राच्या विभागाने लक्समापक द्यावा, भूगोलाच्या विभागाने वस्त्यांचे नकाशे द्यावेत, गृहविज्ञानाच्या विभागाने स्वयंपाकघरांकडे पाहावे आणि अर्थशास्त्राच्या विभागाने बिलांकडे. ३६ कोटी दिव्यांच्या हिशेबात जे दिसले नाही, ते अशा शंभर घरांच्या नोंदीत दिसेल. आणि ज्या घरात दुपारी बारा वाजता पुस्तक वाचता येत नाही, त्या घराचे नाव निदान आपल्या विद्यार्थ्याच्या वहीत तरी येईल.